मुख्यालय सोडण्याची परवानगी

सुरत–भुसावळ रेल्वेमार्गावरच्या नवापूर स्थानकात फलाटावर एक बाक आहे. बाकाच्या मधोमध रेघ, तिच्या एका अंगाला महाराष्ट्र, दुसऱ्या अंगाला गुजरात. गाडीला उशीर असला की प्रवासी त्यावर बसून फोटो काढून घेतात, एक पाय या राज्यात आणि एक त्या. १ मे १९६० रोजी राज्यं वेगळी झाली आणि हद्दीची रेघ नेमकी या स्थानकातून गेली. फोटो बाकाचे निघत असले, तरी जास्त नवलाची आहे ती कचेरी. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तरांची खोली गुजरातेत, आणि घोषणा चार भाषांत. या दुभंगाने आजवर एकही गाडी अडलेली नाही.

एका संस्थेचं काम दोन जागी आणि तीन-चार भाषांत चालवायचं, याला व्यवस्थापनशास्त्राने अलीकडे नावं दिली आहेत: हायब्रिड, मल्टि-लोकेशन, डिस्ट्रिब्युटेड. प्रस्तुत पुस्तक त्याच विषयाचं आहे. 'हायब्रिड'ला त्यात मराठी प्रतिशब्द शोधलेला नाही, आणि ते बरंच झालं. हा शब्द खेड्यांत कंपन्यांच्या कितीतरी आधी पोचला होता. १९६४ साली सीएसएच-१ हे संकरित ज्वारीचं वाण आलं तेव्हापासून 'हायब्रिड' म्हणजे ज्वारी. पीक भरघोस, पण भाकरीला चव नाही, ही तक्रारही तेव्हापासूनची. अर्धे दिवस घरून आणि अर्धे दिवस कचेरीतून काम करणाऱ्यांचं आजचं बोलणं ऐकून एखाद्या आजीला ती भाकरी आठवली, तर तिचं फारसं चुकलेलं नसेल.

पुस्तकासाठी नंदुरबार जिल्हा निवडला यावर भुवया उंचावतील. असा विषय हिंजवडीत किंवा बंगळुरात शोभतो, असा एक समज आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा सहा तालुक्यांचा: नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी, म्हणजे लोकांच्या तोंडचं धडगाव. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास, त्यातले जवळपास ६९ टक्के आदिवासी. मुंबईपेक्षा सुरत जवळ. दक्षिणेला तापीकाठची सपाट काळी जमीन, उत्तरेला सातपुडा आणि त्याही पलीकडे नर्मदा. वस्ती गावठाणात एकवटलेली नसते. एक गाव म्हणजे डोंगरउतारांवर पसरलेले पाडे, आणि एका पाड्यावरून दुसऱ्यावर जायचं तर मध्ये दरी. भिली, पावरी, मावची, अहिराणी, गुजर अशा बोली. इथे कुठलीही संस्था चालवायची म्हटली, सरकारी असो, सहकारी असो की स्वयंसेवी, तर पहिल्याच दिवशी ती विखुरलेली असते. एका छपराखाली बसण्याची चैन इथे कुणालाच परवडलेली नाही.

सरकारने या विखुरलेपणावर शोधलेला उपाय म्हणजे 'मुख्यालय'. सरकारी नोकराच्या रजेच्या अर्जात शेवटी एक ओळ ठरलेली असते: मुख्यालय सोडण्याची परवानगी मिळावी, ही विनंती. अर्ज करणाऱ्याला आणि मंजूर करणाऱ्यालाही तिच्यातली गंमत ठाऊक असते. तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, आरोग्यसेविका यांनी नेमणुकीच्या गावी राहावं असा दंडक आहे. घरभाडे भत्त्यासाठी ग्रामसभेचा ठरावही मागितला जातो. प्रत्यक्षात बरंचसं काम 'अप-डाऊन'वर चालतं. सकाळी खालच्या शहरातून जीप, संध्याकाळी परत. पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड आली की तळोदा–धडगाव रस्ता बंद, आणि त्या दिवशी अख्ख्या तालुक्याचं 'वर्क फ्रॉम होम'. खोलीला संडास नाही, मुलांना शाळा नाही, नवरा एका तालुक्यात आणि बायको दुसऱ्या, ही कारणं खोटी नाहीत. पाड्यावरच्या बाळंतिणीला नर्स लागते रात्री दोन वाजता, हेही खोटं नाही. कागदावरचा मुक्काम आणि प्रत्यक्षातला मुक्काम यांच्यातली ही फट या पुस्तकाच्या पानापानांतून दिसते.

फिरतं काम ही मुळात राज्यकारभाराची जुनी सवय. मुंबई इलाख्याचं सरकार उन्हाळ्यात महाबळेश्वरी आणि पावसाळ्यात पुण्याला मुक्कामी जात असे. गणेशखिंडीतला गव्हर्नरांचा जुना बंगला, आजची पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत, ही त्या फिरतीची खूण. जिल्ह्याचे साहेब हिवाळ्यात तंबू घेऊन निघत. 'दौरा', 'मुक्काम', 'कॅम्प' हे कचेरीतले शब्द तिथले. १९५३ च्या नागपूर कराराचा मान राखत विधिमंडळ आजही हिवाळ्यात नागपूरला जातं, आणि मंत्रालयातल्या फायलींचे गठ्ठे पाठोपाठ जात आले. फाईल माणसाबरोबर हलली पाहिजे, हा आग्रह मोडायला मात्र आग लागावी लागली. २१ जून २०१२ रोजी मंत्रालय पेटलं, असंख्य कागद जळाले, आणि त्यानंतर ई-ऑफिसच्या कामाला खरा जोर आला.

घरी बसून करायच्या कामाची दुसरी परंपरा पार वेगळी, आणि ती बायकांची आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून उभी राहिलेली लिज्जत ही संस्था, हायब्रिड पद्धतीचा नमुना म्हणून दाखवावी अशी आहे. सकाळी शाखेत यायचं, आदल्या दिवशीचे पापड वजन करून द्यायचे, मजुरी घ्यायची, मळलेलं पीठ घेऊन घरी जायचं. पीठ मळण्याचं काम शाखेतच होतं, कारण चव सांभाळायची ती तिथे. लाटणं घरी होतं, कारण चूल आणि मूल तिथेच. कामाचा कुठला तुकडा एकत्र करायचा आणि कुठला घरी न्यायचा, हे या बायकांनी ठरवलं तेव्हा सल्लागार कंपनी कुणी नेमली नव्हती. याच परंपरेची काळी बाजू विडीची. सोलापूर-निपाणीच्या घराघरांत सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बायकांना कामगार म्हणून ओळख मिळायला १९६६ चा कायदा यावा लागला. त्यानंतरही पानं कमी भरली, विड्या नापास झाल्या, या वादात कारखानदाराचंच माप खरं ठरत आलं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली घरी काम करणाऱ्यांसाठी करार केला. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. लॅपटॉपवाल्यांच्या 'वर्क फ्रॉम होम'ची चर्चा या दोन्ही बायकांना वगळून होते, तेव्हा ती अर्धीच राहते.

विद्येच्या प्रांतात या विषयाचा जन्म पेट्रोलच्या रांगेतला. १९७३ साली, तेलाच्या संकटाच्या काळात, अमेरिकेतले अभियंते जॅक निलीस यांनी 'टेलिकम्युटिंग' हा शब्द काढला. त्यांचा हिशेब सरळ होता: माणसं हलवण्यापेक्षा माहिती हलवणं स्वस्त. १९८० साली ॲल्विन टॉफलरने घराघरांत इलेक्ट्रॉनिक झोपडी येणार असं भविष्य लिहिलं. त्याच सुमारास दुसरा पक्षही उभा होता. एमआयटीच्या थॉमस ॲलन यांनी प्रयोगशाळांतले अभियंते कुणाकुणाशी बोलतात ते मोजलं. बसण्याच्या जागांमधलं अंतर वाढेल तसं बोलणं घसरत जातं, आणि सुमारे ५० मीटरच्या पुढे ते जवळपास आटतं, असं त्यांच्या १९७७ च्या पुस्तकात आहे. ईमेल आल्यावर हे संपेल असं वाटत होतं. २००० साली ओल्सन दांपत्याने लिहिलेल्या निबंधाने तेही नाकारलं. अंतर उरतंच, असं त्यांचं म्हणणं.

तिसरा पक्ष मोजून बघू म्हणणाऱ्यांचा. अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम यांनी शांघायच्या सी-ट्रिप कंपनीत २०१०-११ मध्ये केलेला प्रयोग सगळीकडे सांगितला जातो: घरून काम करणाऱ्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं. कमी सांगितलं जातं ते पुढचं. घरी बसलेल्यांची बढती कामाच्या मानाने मागे पडली, आणि नऊ महिन्यांनी त्यातल्या निम्म्यांना कचेरीत परत यायचं होतं, कारण एकटेपणा. त्याहून कमी सांगितली जाते ती पात्रतेची अट. घरात स्वतःची वेगळी खोली आणि ब्रॉडबँड हवं होतं. पाचशेच्या वर लोकांनी नावं दिली, अटींत बसले २४९. धडगावच्या पाड्यावरच्या कुडाच्या घरात वेगळी खोली शोधणाऱ्याने हा आकडा जरा थांबून वाचावा. पुढे २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या, त्याच कंपनीतल्या १,६१२ जणांवरच्या प्रयोगात आठवड्याचे दोन दिवस घरून काम केल्याने कामाची प्रत घसरली नाही आणि नोकरी सोडणारे एक तृतीयांशाने घटले. आज बऱ्याच कंपन्या या 'तीन अधिक दोन'च्या आसपास रेंगाळत आहेत.

भारतात या सगळ्याला कायद्याचाच अडसर होता. कॉल सेंटरवाल्यांना घरून काम द्यायचं तर दूरसंचार खात्याच्या अटी आड येत. त्या नोव्हेंबर २०२० मध्ये सैल झाल्या. विशेष आर्थिक क्षेत्रांतल्या कंपन्यांसाठी घरून कामाचा नियम जुलै २०२२ मध्ये आला. दरम्यान टीसीएसने २०२५ पर्यंत फक्त २५ टक्के लोक कचेरीत असतील असं जाहीर केलं होतं. २०२३ च्या ऑक्टोबरपासून त्याच कंपनीने सगळ्यांना पाच दिवस कचेरीत बोलावलं. महाराष्ट्र शासनाची कथा आणखी मजेची. २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला, आणि कामाची वेळ पाऊण तासाने वाढली की किती, यावर कचेऱ्यांत खल चालू असतानाच तीन-चार आठवड्यांत कचेऱ्याच ओस पडल्या.

त्या वर्षी शहरं घरात बसायला शिकत होती, आणि अक्कलकुवा तालुक्यातल्या चिमलखेडीची एक अंगणवाडी सेविका घराबाहेर पडायला. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली ३३ गावं आली, ती सगळी याच जिल्ह्यातल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. वर उरलेले पाडे पाण्याने एकमेकांपासून तोडले. करोनाच्या भीतीने अलीगाट आणि दादर इथल्या बायका अंगणवाडीत येईनात. मग तिने एका मासेमाराची छोटी होडी मागून घेतली. पोषण आहाराची पाकिटं आणि बाळाचं वजन करायचा काटा होडीत ठेवायचा, वल्ही मारत नर्मदेवरून जायचं, किनाऱ्याला लागल्यावर डोंगर चढायचा, वजनं घ्यायची, आणि अंधार पडायच्या आत परत वल्हवायचं. आठवड्याचे बहुतेक दिवस हेच. वर्तमानपत्रांनी तिचं कौतुक केलं ते योग्यच. त्या कौतुकात एक प्रश्न राहून गेला: होडी तिची नव्हती, प्रवासभत्ता तिचा नव्हता, आणि सरकारी भाषेत ती मुळात कर्मचारीही नव्हती, मानसेवी होती. त्याच पाण्यावर आरोग्य खात्याचा तरंगता दवाखाना फिरतो. तिथे बोट खात्याची, डिझेल खात्याचं, औषधं खात्याची. एकाच नदीवरच्या या दोन होड्या शेजारी ठेवल्या की 'मल्टि-लोकेशन'चा सगळा वाद समजतो. अंतर दोघींनाही तेवढंच. ते कापण्याचा खर्च कुणाच्या खिशातून, एवढाच फरक.

दुसरा वाद मस्टरचा. या जिल्ह्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातलं पहिलं आधार दिलं गेलं. चार वर्षांनी दिल्लीच्या केंद्रीय कचेऱ्यांत आधारवर चालणारी बोटाची हजेरी सुरू झाली आणि तिथून ती खाली झिरपत आली. ज्या महाराष्ट्राने रोजगार हमी देशाला शिकवली, त्याच रोहयोचा हजेरीपट आता मोबाइलवर आहे: १ जानेवारी २०२३ पासून मजुरांचा कामावरचा फोटो दिवसातून दोनदा ॲपवर चढवणं सक्तीचं झालं. फोटो चढवायला रेंज लागते. रेंज टेकडीवर असते, आणि काम नाल्यात. २०२१ साली राज्यभरच्या अंगणवाडी सेविकांनी सरकारचे बंद पडणारे मोबाइल गोळा करून प्रकल्प कार्यालयांत परत दिले, त्यामागेही हीच चीड होती. काम झालं की नाही हे न बघता माणूस जागेवर होता की नाही हे बघण्याचा सोस कंपन्यांनाही सुटलेला नाही. माऊस हलतो की नाही हे तपासणारी सॉफ्टवेअर्स आणि टेकडीवरचा तो फोटो, ही एकाच कुळातली भावंडं आहेत. सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत मांडलेलं, कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याच्या हक्काचं खासगी विधेयक याच वादाचं शहरी टोक.

मग विखुरलेली माणसं एकत्र धरून ठेवतं कोण? पुस्तकाचं सर्वांत कसदार उत्तर जामखेडचं आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली सुरू केलेल्या प्रकल्पात गावोगावच्या, बहुतेक निरक्षर, आरोग्यसेविका आपापल्या गावी काम करत आणि आठवड्याला जामखेडला जमत. तिथे शिकणं होई, पण त्याहून जास्त बोलणं होई: कुठलं मूल दगावलं, कुठल्या सासूने अडवलं, कुणाचं काय चुकलं. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने नवजात बाळाची शुश्रूषा घरात नेली, १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये तिचे निष्कर्ष आले, आणि ते काम आशा कार्यकर्तीपर्यंत पोचलं. तिथेही गावातल्या आरोग्यदूताच्या पाठीशी नेमाने येणारा पर्यवेक्षक होता, आणि तो हजेरी घ्यायला येत नव्हता.

कंपन्या आता सगळ्यांनी एकाच वारी कचेरीत यावं म्हणून 'अँकर डे' ठरवतात. सातपुड्यात त्याला आठवडे बाजार म्हणतात. धडगाव किंवा मोलगीच्या बाजारादिवशी पाड्यापाड्यांवरून माणसं उतरतात. मीठ-मिरची होते, सोयरीक जुळते, आणि तलाठी, बँकवाला, संस्थेचा कार्यकर्ता हे सगळे त्याच दिवशी सापडतात. ज्याला या भागात काम करायचं आहे त्याने आपलं वेळापत्रक कॅलेंडरवरून न आखता बाजारावरून आखावं, हे इथे नवीन आलेल्या अधिकाऱ्याला पहिल्या महिन्यात कळतं. काहींना बदली होईपर्यंत कळत नाही.

हा विषय आत्ताच का, याचं कारण शहाद्यात आणि नंदुरबारातही दिसतं. पुण्याच्या कंपनीत असलेला मुलगा लॉकडाऊनमध्ये घरी आला आणि महिन्यातून आठ दिवस पुण्याला जाऊन बाकी इथूनच काम करू लागला, अशी घरं आता गल्लोगल्ली आहेत. झोहो या सॉफ्टवेअर कंपनीने तमिळनाडूतल्या तेनकाशीजवळच्या खेड्यात कचेरी थाटून दाखवली, ते इथे का नको, असं पोरं विचारतात. दुसरीकडे शेतकरी १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत स्वतःच मोबाइलवर पीक नोंदवतो. म्हणजे तलाठ्याच्या कामाचा एक तुकडा बांधावर गेला. सातबारा डिजिटल सहीने मिळतो. कचेरी विरघळते आहे, आणि तिचे तुकडे कुणाच्या ना कुणाच्या अंगावर पडताहेत. सोयीचे कुणाच्या, ओझ्याचे कुणाच्या, हे वेळीच बघितलं नाही तर नव्या पद्धतीत जुनीच उतरंड बसेल.

या पुस्तकाने मार्गदर्शिका व्हायचं टाळलं आहे. आठवड्यात किती दिवस कुठे बसावं याचं कोष्टक त्यात मिळणार नाही. तहसील कचेरीतला अव्वल कारकून, दूध संघाचा व्यवस्थापक, आश्रमशाळेचा मुख्याध्यापक, दहा पाड्यांवर पाच माणसं असलेली स्वयंसेवी संस्था आणि घरून कोड लिहिणारी मुलगी, हे सगळे एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारताहेत असं धरून लेख जमवले आहेत. काही लेखांत सिद्धांत पुढे आहे, काहींत नुसती हकिकत. दोन लेख एकमेकांच्या विरुद्ध जातात: एकाला मुख्यालयाची सक्ती काढून टाकायची आहे, दुसऱ्याला ती पहिल्यांदाच खरी करून हवी आहे, घरासकट आणि संडासासकट. संपादनात त्यांची दिलजमाई केलेली नाही. वाचकाने आपल्या कचेरीचा नकाशा समोर ठेवून दोन्ही वाचावेत. 'सायकल ॲलाउन्स'पासून 'डेटा पॅक'पर्यंतचा लेख रुक्ष वाटेल, पण तो चुकवू नये. अंतराचा खर्च कुणी सोसला ते भत्त्यांच्या तक्त्यात कळतं.

एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. दिवाळी झाली की नवापूर, नंदुरबार, धडगावचे पाडे रिकामे होऊ लागतात. माणसं उसतोडीला दक्षिण गुजरातच्या कारखान्यांकडे जातात, मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि उन्हाळ्यापर्यंत घर म्हणजे उसाच्या फडाशेजारची झोपडी. वर्ष दोन राज्यांत वाटून काम करणारा या जिल्ह्यातला सर्वांत मोठा वर्ग हाच. एका राज्याचं रेशनकार्ड दुसऱ्या राज्यात चालावं, या योजनेची सुरुवात ऑगस्ट २०१९ मध्ये झाली तेव्हा निवडलेल्या दोन जोड्यांपैकी एक महाराष्ट्र–गुजरात होती, ती उगाच नव्हे. तरी उसतोडीवरचा लेख या पुस्तकात सर्वांत आखूड आहे. कचेरीतल्या माणसाच्या फिरतीची नोंद दौऱ्याच्या डायरीत सापडते, सेविकेची रजिस्टरात, सॉफ्टवेअरवाल्याची सर्व्हरवर. उसतोड मजुराची नोंद असते मुकादमाच्या वहीत, आणि ती वही हंगाम संपला, हिशेब झाला, की मुकादम आपल्या घरी घेऊन जातो.